चपला तारेपाशी

युद्ध संपून वर्ष झालं होतं. कुवेतच्या त्या बेटाला मधोमध काटेरी तार होती. अलीकडचे सुरुंग काढले होते, पलीकडचे अजून वाळूत होते आणि पिराची कबर पलीकडेच होती. कोकणात बायको बाळंतपणात अडल्याचा निरोप आला, तसा बेटावर कामाला असलेला शत्रुघ्न सुतार नवस बोलायला कबरीकडे निघाला. गावच्या दर्ग्याच्या सवयीने त्याने चपला तारेपाशीच काढल्या, शेळ्यांच्या खुरांच्या ठशांवर पाय ठेवत सरळ गेला आणि कबरीवर हिरवं फडकं पसरलं. वळला तेव्हा वाऱ्याने सगळे ठसे पुसले होते. वाटेची खूण एकच उरली, वीस पावलांवरच्या त्या चपला. त्यांच्यावर नजर रोखून त्याने पाऊल टाकलं. एवढ्यात कालच कामावर आलेला चंद्रहास तारेपाशी पोचला. “अनवाणी कशाला गेलास रे? वाळू किती तापलीय,” म्हणत त्याने चपला उचलल्या. “थांब, फेकतो. घालून ये.”