ट्रकला चाळीस, बसला पन्नास

"इफीताई, दाब की जरा! पायात गोळा आलाय का तुझ्या?" मागच्या सीटवरून रूरीकाका ओरडले.

इफी मॅकअस्किलनं आरशात पाहिलं आणि पुन्हा समोर. समोर ट्रक होता. हिरवा, लांबलचक, आणि ताशी बरोबर चाळीस मैलांनी चाललेला. स्कॉटलंडातल्या असल्या दुभाजक नसलेल्या रस्त्यावर अवजड ट्रकला चाळीसचीच मर्यादा. बसला पन्नास. मागून येणाऱ्या मोटारींना साठ. त्या मोका मिळेल तशा दोघांनाही ओलांडून पळत होत्या.

आर्डनेसचा धक्का तीस मैल राहिला होता आणि घड्याळात पाचला आठ कमी होते. स्कारवे बेटाची बोट साडेपाचला सुटायची. पुढची थेट उद्या दुपारी एकला. आणि टॉरकिलचं लग्न, बेटावरच्या चर्चमध्ये, उद्या सकाळी अकराला.

टॉरकिल पहिल्याच सीटवर बसला होता. मांडीवर इन्व्हरनेसहून भाड्यानं आणलेला लग्नाचा किल्ट, म्हणजे पुरुषांचा चौकडीचा घागरा, चेहरा पांढराफटक. सगळं वऱ्हाड त्याच्या मापासाठी म्हणून गेलं, आणि उशीर झाला तो रूरीकाकांच्या बुटांनी. दुकानात त्यांच्या पायाचे बूट काही केल्या सापडेनात.

"पन्नासनं गेलो तर पाच अठ्ठावीसला पोचतो," टॉरकिल पुटपुटला. "चाळीसनं पाच सदतीस. मी तीनदा हिशोब केलाय."

"चौथ्यांदा केलास तरी तेच येणार, बाळा," इफी म्हणाली. "पण मी काय करू? त्याला ओलांडायला अर्धा मैल मोकळा रस्ता लागतो. समोरून बघ कशी जत्रा येतेय."

जत्राच होती. उन्हाळा होता, दर दोन मिनिटांनी मोटारीमागे एखादी कॅरॅव्हॅन, चाकांवरचं घरच, ओढत कुणीतरी समोरून यायचं.

"मग एकदाच पासष्ट मार!" डोलिना आत्यांनी टॉफीचा पुडा पुढे सरकवला. "डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर पुढे जाशील. देव बघणार नाही."

"देव नाही बघणार, पण मी बघेन ना, आत्या. सत्तावीस वर्षं ही बस चालवतेय. कायदा काय बोटीचं वेळापत्रक बघून बदलतो?"

"लग्न मोडलं तर पाप तुझ्या माथी!"

"माथ्यावर आणखी एक. बसा आता खाली."

बसमध्ये हशा पिकला, पण इफीनं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. टॉरकिलला तिनं लहानपणी शाळेत पोचवलं होतं. नवरीला, पेगीलाही. दोघं याच बसमध्ये मागच्या सीटसाठी भांडायची. त्या पोरीला उद्या चर्चच्या दारात वाट बघत ठेवायचं? तळ्याकाठी एक सरळ पट्टा आला. समोर कुणी नव्हतं. इफीनं बस उजवीकडे काढली, काटा पन्नासवर आला, बस ट्रकच्या निम्म्यापर्यंत गेली, आणि वळणावरून कॅरॅव्हॅन उगवली. तिनं मुकाट्यानं बस पुन्हा ट्रकच्या मागे घेतली.

"आणखी दहा मैल वाढवले असते तर निघालो असतो!" रूरीकाका किंचाळले.

"हो, आणि कॅरॅव्हॅनवाल्याच्या मांडीवर बसलो असतो."

डाव्या वळणावर ट्रकच्या डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला. चालकाशेजारी बसलेला एक लठ्ठ इसम निवांत सँडविच खात होता. बसकडे वळून त्यानं हात हलवला.

"बघा, बघा! सहलीला निघालेत लेकाचे!" रूरीकाकांनी खिडकीतून मूठ दाखवली. त्या इसमानं खुशाल सँडविच उंचावून दाखवलं. मग अख्ख्या वऱ्हाडानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डोलिना आत्यांनी तर असे शब्द वापरले की टॉरकिलला त्या स्थितीतही हसू फुटलं.

शेवटी काकांनी धक्क्यावर फोन लावला. "अहो बाई, नवरदेव आहे हो बसमध्ये! दहा मिनिटं थांबवा बोट!"

"ते कॅप्टनच्या हातात," पलीकडून बाई म्हणाली. "आणि कॅप्टनशी आत्ता बोलणं व्हायचं नाही."

"माझं नाव सांगा त्याला. रूरी सांगतोय म्हणावं!"

"भेटले की सांगते." फोन बंद.

साडेपाच वाजले तेव्हा पाचेक मैल अजून बाकी होते. टॉरकिलनं किल्टची पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटून घेतले.

पाच सदतीसला ट्रक शेवटच्या टेकडीवरून उतरला, त्याच्या मागे बस. आणि खाली धक्क्याला बोट उभी होती! दार उघडं, मोटारी चढलेल्या, कठड्याला टेकून माणसं.

बसमध्ये एकच कल्ला झाला. कुणी टॉरकिलला मिठी मारली, कुणी गाणं सुरू केलं. आत्यांनी इफीच्या गालाचा मुकाच घेतला.

"फोन कुणी केला होता?" रूरीकाका छाती फुगवून फिरत होते. "या रूरीनं! नाव ऐकलं आणि थांबला की नाही कॅप्टन?"

"थांबला हो, थांबला," इफी डोळे पुसत हसली. त्या कॅप्टनला तिनं मनोमन दुवा दिला.

ट्रक धक्क्यावर थांबला. पिवळा कोट घातलेली एक बाई बोटीकडून धावत सुटली. नवरदेवाला न्यायलाच आली म्हणून टॉरकिल दारात उभा राहिला. बाई बसपर्यंत आलीच नाही; तिनं ट्रकचं डावं दार खेचून उघडलं.

"उतरा लवकर, कॅप्टन!" ती त्या लठ्ठ इसमावर ओरडली. "अख्खी बोट कधीची तुमच्यासाठी खोळंबलीय!"