आठवा फोटो

“चहा नंतर,” म्हणत शंकररावांनी खिशातून भिंग काढलं. “आधी फोटो.”

चांगुणाबाईंनी सुनेकडे पाहिलं. सीमानं कपाटातला फोटो आणून पाहुण्यापुढे ठेवला. हातात ग्लोव्हज, कपाळावर घाम, ओठाच्या कोपऱ्यात हसू. चांगुणाबाईंचा दिवंगत नवरा, दौंडच्या रेल्वेतला बॉक्सर मल्हार कोकरे, साल एकोणीसशे अडुसष्ट. खाली निळ्या शाईत सही.

शंकरराव खेडकरांनी शिरूरला एका बँकेत तीस वर्षं चेकवरच्या सह्या तपासल्या होत्या. रिटायर झाल्यावर सवय सुटेना, म्हणून ते जुन्या बॉक्सरांचे सहीचे फोटो गोळा करू लागले. नातवाच्या प्रगतिपुस्तकावर बायकोनं केलेली सहीसुद्धा ते उजेडाकडे धरून बघत. मल्हार कोकऱ्यांचे सात फोटो त्यांच्याकडे होते. सातही त्यांनी स्वतःच खरे ठरवलेले. पुण्यातलं खेळांचं एक संग्रहालय येत्या रविवारी ते ‘शंकरराव खेडकर संग्रह’ अशा पाटीखाली मांडणार होतं. निमंत्रणं वाटून झाली होती. व्याह्यांना तर दोनदा गेलं होतं.

आणि मंगळवारी सीमानं हा आठवा फोटो फेसबुकवर टाकला. सही त्या सातांशी जुळेना. संग्रहालयातून फोन आला. आठवा खरा असेल तर तुमचे सात काय आहेत? शनिवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर पाटी लागणार नाही.

शंकररावांनी फोटो उलटसुलट केला. कागद जुना. काळ्या भागावर चंदेरी झाक चढलेली, नव्या प्रिंटला ती येत नाही. मागं स्टुडिओचा शिक्का. शाईसुद्धा मुरलेली. हे सगळं त्यांच्या विरोधात जात होतं, पण सहीवर भिंग नेलं आणि त्यांना बरं वाटलं. सही भयंकर होती. अक्षरं जाड, एकमेकांपासून फटकून बसलेली, ‘र’ मधेच मोडलेला.

“पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारखी आहे,” ते म्हणाले. “जुना फोटो घरात सापडतो. जुनी शाईही कुठून तरी मिळते. जुना हात मिळत नाही, सीमाताई.”

“म्हंजी मी केली सही?” सीमा भडकली. “मला दुसरी कामं न्हाईत व्हय? आत्याबाईंच्या पेटीत हुता त्यो. त्यांनाच इचारा.”

“विचारतो की.” शंकररावांनी फाईल उघडून सातही फोटो फरशीवर ओळीनं मांडले. “आजी, इकडं बघा. सही याला म्हणतात. ‘ह’ची शेपटी कशी वळून आत जाते? सातही ठिकाणी तशीच. ओळखता का?”

चांगुणाबाई बसल्या बसल्या पुढं सरकल्या. एकेक फोटो बघत ओळीच्या टोकापर्यंत गेल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

“वळखते की. चांगल्या वळखते.”

“ऐका, घरच्याच माणसानं सांगितलं!”

“आन् हा आठवा, आत्याबाई?” सीमानं विचारलं.

“त्यो बी त्यांचाच हाय. मला दिला हुता त्यांनी. म्हनले, ह्यो कुनाला द्यायचा न्हाई. तू मला न इचारता मोबाईलवर टाकलास.”

“एका माणसाचे दोन हात नसतात, आजी,” शंकरराव म्हणाले आणि आपणच गडबडले. “म्हणजे, लिहायचे. असा चेक आला असता तर मी परत पाठवला असता.”

शंकररावांनी घड्याळ पाहिलं. येताना पाटसच्या कारखान्याच्या ऊसगाड्यांनी तास खाल्ला होता, जाताना आणखी एक खाणार होत्या.

“स्पष्टच सांगतो. तुम्ही मान्य केलं नाहीत तर मला खोट्या सहीची तक्रार द्यावी लागेल. फेसबुकवर सीमाताईंचं नाव आहे.”

चांगुणाबाईंचा चेहरा उतरला.

“खोट्या सहीला काय हुतं वो?”

“तुरुंगसुद्धा होतो.”

“लई वर्सं झाली आसली तरी बी?”

“कालची असो, नाहीतर पन्नास वर्षांपूर्वीची. खोटी ती खोटीच.”

म्हातारी सुनेला वाचवायला बघतेय, हे शंकररावांनी ताडलं. समोरचा नरमला की आवाज उतरवायचा, हे ते बँकेतच शिकले होते.

“उपाय सोपा आहे,” ते हळू म्हणाले. “एक कागद लिहून द्या. या आठव्या फोटोवरची सही माझ्या नवऱ्याची नाही, एवढंच. मी तो संग्रहालयात देतो, विषय मिटला.”

“आना, मी लिवते,” सीमा म्हणाली.

“तुम्ही नको!” शंकरराव जवळजवळ ओरडलेच. “आजींनी लिहायचं. स्वतःच्या हातानं. आजी, लिहिता येतं ना?”

“चौथी शिकलेय की.”

“मग झालं.”

चांगुणाबाईंनी आठवा फोटो उचलला, पदरानं पुसला आणि उलटा करून मांडीवर ठेवला.

“हे लिवलं की सीमावर काय येनार न्हाई?”

“शब्द देतो.”

“आन् ह्या सातांचं?”

“त्यांचं काय! ते रविवारी काचेत जाऊन बसतील. सगळा पुणे जिल्हा बघायला येईल.”

“समदे बघतील?”

“भिंगं लावून बघतील.”

चांगुणाबाईंनी चष्मा लावला. कागद रिकाम्या फाईलवर सारखा केला, शंकररावांनी दिलेलं पेन घेतलं.

“सांगा.”

“लिहा,” शंकरराव आरामात मागं टेकले. “मी, चांगुणा मल्हार कोकरे...”

‘मी’ सावकाश उमटलं. ‘चांगुणा’ अडखळत, दोनदा पेन उचलून. पुढचे दोन शब्द मात्र म्हातारीनं सवयीनं, एका दमात लिहून टाकले, फरशीवरच्या सात फोटोंवर होते अगदी तसे.