खुंटीवरचा भोंगा

मालक, तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवून ठेवलं आहे. मोटार भाड्यानं देताना गिऱ्हाईक फोडेल म्हणून तुम्ही तिचा रबरी भोंगा काढून दुकानात खुंटीला टांगता. मग तो माझ्या मागे वाजतो कसा?

तुमच्याकडून नेलेली पहिली मोटार बुटकी होती, सारखी डावीकडे ओढायची. धाड गावच्या रस्त्यावर मागच्या रिकाम्या सीटवर भोंगा वाजला म्हणून मी थांबलो, तर पुढचा पूल वाहून गेलेला.

दुसरी पत्र्याच्या डब्यासारखी खडखडायची. बीबी गावच्या वळणावर तोच आवाज आला. मी थांबलो आणि उधळलेली बैलगाडी नाकासमोरून निघून गेली.

माझी बायको गोजरबाई म्हणाली, "कोण आहे ते इचारू नका. त्याले हात जोडा."

तेव्हापासून मोटार परत करताना मी मागच्या सीटवर नारळ ठेवतो. त्या वाजवणाऱ्याचे उपकार मी जन्मभर मानीन.

आज मोटार नाही. वडनेरला माझ्या घरी भरदुपारी कडी वाजली. गोजरबाई उघडायला गेली आणि भोंगा घरातच, तिच्या पाठीशी वाजला. तिचा हात कडीवर तसाच थांबला आहे.

बाहेरून तुमचा आवाज येतो, "उघडा ना बाई, मी मोटारवाला आहो."

दार लागलेलंच राहील, मालक. आधी उत्तर द्या. तुम्ही कोण?