वेगळा ग्लास

दीपंकरने डबा उघडला आणि टेबलावरचे तिघे उठून खिडकीपाशी गेले. काल क्रिकेटचं निमित्त होतं, आज चौकात अडकलेल्या गाड्यांचं. त्याने एकट्याने भाकरी खाल्ली, मग खिशातली छोटी वही काढून लिहिलं : ‘एक वाजून दहा. तिघे उठले. साक्षीदार नाही.’

बियाणं विकणाऱ्या कंपनीच्या बेळगावच्या ऑफिसात त्याला तीन महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख विक्रमसाहेबांनी गाव, गल्ली, आडनाव, सगळं गोडीत विचारून घेतलं होतं. टेबलावरचा बाबासाहेबांचा छोटा फोटो बघून ते नुसतं ‘अच्छा’ म्हणाले होते. त्या ‘अच्छा’नंतर दीपंकरशी कुणी कामापलीकडे बोललं नाही. शिवी नाही, भांडण नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

खडेबाजारामागच्या खोलीवर आला की तो निपाणीला बहिणीला फोन करायचा. दिवसभरात त्याचा आवाज ऐकणारं तेवढंच एक माणूस होतं. पारमिता वकील होती.

“दादा, नुसतं कुढू नगंस. तारीख, वेळ, माणूस, सगळं लिहून ठेव. आणि दाखवता येईल असं कायतरी पायजे. न बोलणं कसं दाखवणार रं?”

दाखवता येईल अशी एकच गोष्ट होती. ग्लास.

बारा जूनला त्याने ट्रेमधला कप उचलून तोंडाशी नेला, तोच मष्णूने तो हिसकावून घेतला. मष्णू म्हणजे ऑफिसचा शिपाई, बेळगुंदीचा, साठीकडे झुकलेला. निम्मा चहा दीपंकरच्या शर्टावर सांडला. “ह्यो तुमचा न्हवं,” एवढंच पुटपुटत मष्णू कप घेऊन आत गेला. पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं.

तेरा तारखेपासून दीपंकरचा चहा ट्रेमधून येईना. मष्णू आपल्या कपाटातून स्टीलचा ग्लास काढायचा, त्याच्यासमोर विसळायचा, भरून हातात द्यायचा आणि तो रिकामा होईपर्यंत तिथंच उभा राहायचा. मग ग्लास परत कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कमरेच्या दोऱ्याला. कपाटाच्या दाराला आतून एक कॅलेंडर टांगलेलं होतं. दूधवाला आला नाही की मष्णू त्यावर पेन्सिलीने खाडा मांडायचा.

दीपंकरच्या आजोबांसाठी गावच्या हॉटेलात कपबशी वेगळी असायची, बाहेर वळचणीला खोचलेली. नातू एम.एस्सी. झाला, तर कपबशी जाऊन स्टील आलं. एवढीच काय ती प्रगती!

त्याने ग्लासाचा फोटो काढला, वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आणि तक्रार पाठवून दिली.

मुख्य ऑफिसातून तक्रार समितीच्या रचना मॅडम आल्या. “तुमचं नाव कुठेही बाहेर जाणार नाही,” त्या म्हणाल्या. अख्ख्या ऑफिसात वेगळा ग्लास एकाचाच. नाव लपवणार कुठे?

त्या तिघांनी काहीच पाहिलं नव्हतं. विक्रमसाहेब हळहळले. “ग्लासाचं मला आजच कळतंय. फार वाईट झालं.” मष्णूला बोलावलं, तेव्हा साहेब समोरच बसलेले होते.

“वेगळा ग्लास कशासाठी?” मॅडमनी विचारलं.

मष्णूने मान खाली घातली. “तेंच्यासाठी बरा, म्हणून.”

समितीला तेवढं पुरलं. बाकीच्या नोंदींना पुरावा नव्हता. मष्णूला कामावरून कमी केलं.

शुक्रवारी जाताना तो दीपंकरच्या टेबलाशी आला. कमरेची किल्ली सोडून त्याने समोर ठेवली.

“सायेब, सोमवारी नवी बाई येतीया. च्या त्याच गिलासात घ्या. तेवढं ऐका माजं.”

दीपंकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अजून तेच का, आप्पा? ते दिवस संपले आता.”

मष्णूने विक्रमसाहेबांच्या दाराकडे पाहिलं. मग “बरं” म्हणून तो जिना उतरला. दीपंकरला क्षणभर वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

सोमवारी नव्या तानीबाईंनी चहा केला, पण ट्रे घेऊन आले खुद्द विक्रमसाहेब. सगळ्यांना एकसारखे पांढरे कप. त्यातला एक त्यांनी उचलून दीपंकरच्या हातात दिला.

“घ्या दीपंकर. आता सगळ्यांना एकच.”

तिघांनीही खुर्च्या त्याच्याकडे वळवल्या. दीपंकरने शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायला.

“कसा झालाय?” साहेबांनी विचारलं.

“मस्त झालाय, सर.”

एकजण हसला, मग सगळेच हसले. दीपंकरही हसला. इतक्या दिवसांत या खोलीत तो पहिल्यांदाच कुणाबरोबर हसत होता. त्याचे डोळे भरून आले. पारमिताला काय काय सांगायचं, ते तो मनात जुळवत राहिला.

ग्लास पुरावा म्हणून रचना मॅडमकडे पाठवायचा होता. तो आत गेला आणि त्याने मष्णूचं कपाट उघडलं. ग्लास घासूनपुसून उपडा ठेवलेला होता. दाराला ते कॅलेंडर होतं. म्हाताऱ्याची एवढीही खूण नको, म्हणून त्याने तेही खिळ्यावरून काढलं. पानं उलटली आणि जूनवर थांबली. नजर आपोआप बारा तारखेवर गेली. ती त्याला पाठ होती.

चौकोनात दुधाचा खाडा नव्हता. पेन्सिलीच्या मुंगीएवढ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलेलं होतं :

‘विक्रमसायेब कपात थुकलं. दीपंकरसायबाच्या हातातनं वडून घेतला, मोरीत वतला. उद्यापास्नं तेंचा गिलास कुलपात.’