डावीकडची जागा

“नवा माऊसही बिघडलेलाच!” वासुदेवराव चिडले. महिन्यापूर्वी गेलेल्या बायकोनं जुनाट कॉम्प्युटरवर आपल्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्या वाचायच्या होत्या. पण डावं बटण दाबूनही फाईल उघडेना.

दुरुस्तीला आलेला इक्बाल हसला. “माऊस ठणठणीत आहे, काका. कुणीतरी कॉम्प्युटरमध्येच बटणांची अदलाबदल केलीय. काकू डावखुऱ्या होत्या?”

“छे!” म्हणता म्हणता ते थबकले. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत तिनं डाव्या हातानं वाढलं होतं, तेव्हा सगळ्यांदेखत त्यांनी त्या हातावर चापट मारली होती. नंतर चाळीस वर्षं तिनं तो हात पुढे केला नव्हता.

“सरळ करून देऊ?”

“नको. राहू दे तशीच.”

त्यांनी माऊस उचलून डावीकडे ठेवला. टेबलाचा सनमायका तिथंच झिजून पांढरा पडला होता. त्या जागेवर तळहात ठेवून ते बसून राहिले. फाईल उघडायचा धीर होईना.