यंत्राला राग येत नाही

क्षिप्राने चिडून मनोपचार-यंत्राला शिवी हासडली. यंत्र म्हणालं, "तुमचा राग अगदी स्वाभाविक आहे. सांगितल्याबद्दल आभार."

"अरे, एकदा तरी चिड ना माझ्यावर!" ती ओरडली. यंत्राने पुन्हा आभार मानले.

तिच्या त्रासाचं निदान यंत्राने पहिल्याच भेटीत केलं होतं, तेही अचूक. लहानपणी क्षिप्राने राग दाखवला की आई आठवडाभर अबोला धरायची, म्हणून मोठेपणीही ती माणसांपुढे मूग गिळून बसायची. यंत्रावर ओरडता यायचं, कारण ते रुसत नव्हतं. सगळं पटलं होतं. तरी काल साहेबाने तिचं काम स्वतःच्या नावावर खपवलं, तेव्हा ती "हो सर" म्हणूनच परतली होती.

वैतागून ती डॉक्टर तिळवेबाईंकडे जाऊ लागली. शहरात माणूस असलेल्या मानसोपचारतज्ज्ञ त्या एकट्याच उरल्या होत्या. पण एका गुरुवारी ती आईबद्दल सांगत असताना बाईंना चक्क डुलकी लागली.

"झोपताय काय? यंत्र परवडलं तुमच्यापेक्षा!" क्षिप्रा किंचाळली.

बाईंचा चेहरा पडला. "चूक माझीच," त्या म्हणाल्या, "पण लागलं हं मला."

क्षिप्रा तशीच उठून निघून गेली. आठवडाभर तिने बाईंना फोनही केला नाही. आता बाई दारातही उभं करणार नाहीत, याची तिला खात्री होती. तरीही पुढच्या गुरुवारी ती गेली.

दार उघडंच होतं.

"ये," तिळवेबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "आपलं भांडण अर्धंच राहिलंय."