जैसलमेरचा उंट

"अगं, सुई कुठंय?" सासूबाई ओरडल्या. गॅस बंद करायला उठताना त्यांनी ती गोधडीतच खोचली होती. तिथेच रांगणारं बाळ काहीतरी चघळत होतं.

मी त्याच्या तोंडात बोट घातलं. पोळीचा तुकडा निघाला. पण त्याआधी काही गिळलं असेल तर?

फ्रिजवरचा जैसलमेरचा उंट मी ओढून आणला. घेतला तेव्हा "हे कसलं खूळ?" म्हणून त्याच हसल्या होत्या. उंटामागचं लोहचुंबक गोधडीवरून, मग खालच्या चटईवरून फिरवलं. टक! सुई चिकटली.

"ही नव्हे गं! माझ्या सुईत लाल दोरा होता."

मी उंट बाळाच्या दुपट्याखाली सरकवला. पुन्हा टक. लाल दोरा लोंबत होता.

सासूबाईंनी डोळे पुसले. मग गणपतीला जरा सरकवून देव्हाऱ्यात उंटाला जागा केली.